यात्रेची शिदोरी आणि संकटकाळची साधने



पूर्वीच्या काळी यात्रेस निघणाऱ्याच्या पाठीवर एक वळकटी, हाती काठी, काखोटीस घोंगडी, कमरेस तांब्या आणि सोबतीस कंदील एवढाच संसार असे. या पाच वस्तू कोणी जाहिरात पाहून घेतलेल्या नव्हत्या. घोंगडी भिजली तरी ऊब देते, काठी निसरड्या वाटेवर तिसरा पाय होते, तांब्यात पाणी उकळता येते, हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळेच त्या वळकटीत टिकल्या. आज यात्रेकरूच्या पिशवीचे वजन त्याहून अधिक असते. तथापि रात्री वीज गेली, दरड कोसळून घाट बंद झाला अथवा गर्दीत सोबत्यांची चुकामूक झाली, तर तिच्यातून उपयोगाची वस्तू क्वचितच निघते. अलीकडे बाजारात चाळीस-चाळीस वस्तूंचे तयार ‘आपत्कालीन संच’ही मिळू लागले आहेत. त्यांत होकायंत्र असते, तारेची करवत असते, मासे पकडण्याचा गळदेखील असतो! आपल्याकडील यात्रेकरूवर जी संकटे खरोखर येतात, त्यांत यांपैकी कशाचाही उपयोग नाही. यास्तव कोणती साधने घ्यावीत, कशी पारखावीत व कोणती घेऊ नयेत, याचा येथे थोडा विस्ताराने विचार केला आहे.

निवड करण्यापूर्वी आजवरच्या आपत्तींत माणसांना नेमकी कशाची उणीव भासली, हे पाहणे इष्ट ठरेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. दगडमातीच्या जाड भिंती व मातीची जड धाबी अंगावर कोसळली. वर अंधार आणि पाऊस. प्रकाश आणि हाक ही त्या रात्रीची पहिली गरज होती. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या परिसरात प्रलय झाला, तेव्हा महाराष्ट्रातील यात्रेकरूंसह हजारो भाविक दिवसचे दिवस डोंगरात अडकून पडले. तेथे थंडी, पाणी आणि घरी निरोप पोहोचविणे हे प्रश्न होते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर वाशिष्ठीच्या पुरात बुडाले, तेव्हा वीज गेली आणि पाठोपाठ दूरध्वनी व भ्रमणध्वनीही मुके झाले. प्रकाश, ओळख व निरोप, पाणी, ऊब आणि नित्याचे औषध या पाच गरजा ज्या वस्तूंनी भागतात त्या घ्याव्यात. उरलेल्या दुकानातच राहू द्याव्यात.

प्रथम प्रकाश. पुष्कळजण म्हणतात, मोबाईलमध्ये विजेरी असताना निराळी बॅटरी कशाला? याचे उत्तर असे की, संकटात मोबाईलची ऊर्जा ही निरोपासाठी राखावयाची असते. पायऱ्या उतरण्यात ती खर्च झाली की मोबाईल हातात असूनही माणूस एकटा पडतो. विजेरी घेताना वेष्टनावरील हजारो ल्यूमेनच्या आकड्यांना भुलू नये. पायवाट अथवा पायऱ्या उतरण्यास पन्नास ते शंभर ल्यूमेन पुरेसे असतात. त्याऐवजी एका सेलसंचावर ती किती तास चालते, हे विचारावे. कपाळास बांधावयाची विजेरी मिळाल्यास सर्वोत्तम, कारण एका हाती कठडा आणि दुसऱ्या हाती नातवंड धरावयाचे असते.

चार्जिंगची विजेरी की सेलवर चालणारी, हा प्रश्नही नेहमी विचारला जातो. रोजच्या वापरास चार्जिंगची चांगली. परंतु जी वस्तू सहा-सहा महिने कपाटात पडून राहणार, ती पडल्या पडल्या हळूहळू रिकामी होते आणि ऐन वेळी ती भरण्यास वीज नसते. म्हणून राखीव ठेवावयाची विजेरी साध्या पेन्सिल सेलवर चालणारी असावी. तो सेल खेड्यातील किराणा दुकानातही मिळतो. सेल अल्कलाइन घ्यावेत, त्यांवर छापलेले वर्ष पाहावे, जुना व नवा सेल एकत्र घालू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विजेरी ठेवून देताना सेल बाहेर काढून निराळ्या पुडीत बांधावेत. आत राहिलेला सेल कालांतराने पाझरतो आणि पत्र्या खाऊन टाकतो. यात्रा संपल्यावर धर्मशाळेत विसरलेल्या वस्तू कार्यालयात जमा होतात. त्यांतील विजेऱ्या उघडून पाहाव्यात तर बऱ्याचशांत पांढरी बुरशी धरल्यासारखे दिसते. त्या विजेऱ्यांचे मालक आपल्याजवळ बॅटरी आहे अशा समजुतीत निर्धास्त असावेत.

मोबाईलसाठी पॉवर बँक नेणार असाल, तर तिच्यावर दहा हजार लिहिले असले तरी प्रत्यक्षात मोबाईलपर्यंत त्यातील सहा-साडेसहा हजारच पोहोचतात, हे हिशेबात धरावे. डोंगरात रेंज नसता मोबाईल सतत ती शोधत राहतो व लवकर संपतो. अशा वेळी तो विमान-स्थितीत ठेवून ठरावीक वेळी उघडावा. मदतीसाठी ११२ हा क्रमांक फिरवावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कोणत्याही कंपनीची रेंज तेथे असेल, तर हा संपर्क बहुधा होऊ शकतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे.

ओळख व हाक यांकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही, ही खेदाची बाब आहे. गर्दीत चुकलेली वृद्ध मंडळी कार्यालयात आणून बसविली जातात. मुलाचा क्रमांक विचारला की ‘मोबाईलमध्ये आहे’ असे उत्तर मिळते. आणि मोबाईल तर मुलाच्याच पिशवीत असतो. ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारले तरी एकाच नावाची चार माणसे धावत येतात. एका जाड कागदावर नाव, गाव, दोन नातलगांचे क्रमांक, रक्तगट, नित्याची औषधे व असल्यास औषधाची अॅलर्जी एवढे पेनाने लिहून प्लास्टिकमध्ये बंद करून प्रत्येकाच्या खिशात ठेवावे. नाममात्र खर्चाच्या या साधनाची बरोबरी यंत्रांनाही करता येत नाही. लहान मुलांच्या बाबतीत ते सदऱ्याच्या आतील बाजूस पिनेने अडकवावे. दर्शनी भागी नाव वाचून कोणीही परका माणूस मुलास नावाने हाक मारू शकतो.

तसेच प्रत्येकाच्या गळ्यात एक शिटी असावी. ओरडून घसा अर्ध्या घटकेत बसतो. शिटी दमलेला माणूसही वाजवू शकतो आणि तिचा आवाज पावसातून दूर जातो. आत गोळी नसलेली प्लास्टिकची शिटी घ्यावी, ती भिजल्यानेही अडत नाही. तीन वेळा फुंकून थांबावे, पुन्हा तीन वेळा फुंकावी. ही संकटाची खूण सर्वत्र ओळखली जाते. मुलांना ती खेळ म्हणून वाजवू देऊ नये, एवढा नियम घरातच घालून द्यावा.

पाण्याच्या बाबतीत आपल्या परंपरेने दिलेले एक साधन विज्ञानाच्या कसोटीस उतरले आहे. जुन्या सुती साडीचे कापड किमान चार पदरी करून त्यातून पाणी गाळल्यास पटकीचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते, असे बांगलादेशातील खेड्यांतील अभ्यासात दिसून आले; तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून असतात व ते जीव कापडात अडकतात. विशेष म्हणजे धुऊन धुऊन विरलेली साडी नव्यापेक्षा अधिक चांगली, कारण तिचे धागे पिंजून छिद्रे बारीक झालेली असतात. अर्थात गाळणे ही पहिली पायरी होय. त्यानंतर पाणी खळखळून उकळावे अथवा क्लोरीनची गोळी वेष्टनावरील प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात गोळी टाकणे व्यर्थ जाते, म्हणून आधी गाळणे. बाटली एकेरी पत्र्याची, स्टीलची घ्यावी. तिच्यातच पाणी उकळता येते. दुहेरी भिंतीची, गरम-थंड राखणारी बाटली मात्र कधीही विस्तवावर ठेवू नये, ती फुटण्याची भीती असते.

पाण्यासोबत जलसंजीवनीची पाकिटे न्यावीतच. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीने हाहाकार माजला आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटण्याचा निर्णय घेतला. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यामुळे चार टक्क्यांच्याही खाली आले. पाकीट एक लिटरचे आहे की दोनशे मिलिलिटरचे, हे मात्र वाचून घ्यावे. मोठे पाकीट एका पेल्यात घोळून दिल्यास अपायच होतो. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. मधुमेही मंडळींनाही जुलाबात हे वर्ज्य नाही. वैद्यकीय सल्ला मिळेपर्यंत द्यावे.

ऊब राखण्याविषयी थोडक्यात सांगतो. सुती कपडे भिजले की अंगातील उष्णता शोषून घेतात. लोकर तसे करीत नाही. प्रत्येकी एक लोकरी वस्त्र प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कोरडे ठेवावे. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण डोंगरावरील वाऱ्यात छत्री हाती राहत नाही. चौघांत मिळून एक ताडपत्री असावी. तिच्याखाली रात्र निघते आणि प्रसंगी तिचीच झोळी होते. दोरीचा मोह पुष्कळांना असतो. दहा-पंधरा मीटर दोरी जरूर न्यावी, परंतु ती बांधाबांधीसाठी. तिला धरून वाहता ओढा ओलांडण्याचे धाडस कोणीही करू नये. वेगाने वाहणारे वीतभर पाणीदेखील धडधाकट माणसाचे पाय उचलते, आणि गुडघ्याच्या वर आलेले पाणी बहुतेक मोटारी वाहून नेते.

औषधांच्या पेटीत पट्ट्या, जाळीचे निर्जंतुक कापड, ताणाची पट्टी, कात्री आणि नित्याची औषधे मुक्कामापेक्षा किमान तीन दिवस अधिक असावीत. कात्री बोथट टोकाची घ्यावी; टोकदार कात्री व चाकू मोठ्या देवस्थानांच्या तपासणीत काढून घेतले जातात. जखमेवर थेट कापूस ठेवू नये, त्याचे तंतू चिकटून राहतात. हात मोडल्यास गळ्यात अडकवावयाची झोळी बाजारातून आणण्याचे कारण नाही, खांद्यावरील उपरणे ते काम करते. सर्पदंशाच्या नावाखाली पाते व चोषक असलेली डबी विकली जाते, ती मुळीच घेऊ नये. दंशाची जागा कापणे, चोखणे अथवा वर करकचून बांधणे या तिन्ही गोष्टी घातक आहेत. रुग्णास चालू न देता, अवयव हलणार नाही असा आधार देऊन तत्काळ रुग्णालयात न्यावे. तेथील प्रतिविषावाचून दुसरा उपाय नाही.

ही सर्व साधने जवळ असूनही एक प्रसंग असा आहे की जेथे वस्तू जितक्या कमी तितके बरे. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेव येथील यात्रेत नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर भाविक घसरले आणि चेंगराचेंगरीत व आगीत सुमारे तीनशे जणांनी प्राण गमावले. दाट गर्दीत दोन्ही हात मोकळे असणे हेच साधन. म्हणून मोठी पिशवी निवासावर ठेवून कमरेस लहान बटवा बांधावा. त्यात शिटी, विजेरी, ओळखपत्रिका, औषध व सुट्या नोटा एवढेच असावे. रेंज गेली की मोबाईलवरून पैसे देता येत नाहीत, म्हणून नोटा. लोंबते पट्टे व पदर खोचून घ्यावेत, हात छातीसमोर धरावेत, आणि काहीही खाली पडले तरी उचलण्यास वाकू नये. मग ती पूजेची थाळी का असेना.

सर्व साहित्य जमविल्यावर एखाद्या रात्री घरातील मुख्य स्विच बंद करून तासभर त्याच साहित्यावर काढावा. अंधारात सेल घालता येतात का, आजींना बाटलीचे झाकण उघडते का, शिटी कोणत्या कप्प्यात आहे, हे सारे त्या तासात कळून येते. जी वस्तू घरातील सर्वांत अशक्त माणसास वापरता येत नाही, ती बदलून घ्यावी.

देणगीदारांस एक नम्र निवेदन. आपण मोठ्या श्रद्धेने वस्तुरूप दान देता. परंतु दहा जणांनी दहा प्रकारचे दिवे दिल्यास दहा प्रकारचे सेल सांभाळावे लागतात, आणि नेमका हवा तो सेल संपलेला असतो. एकाच मापाच्या सेलवर चालणाऱ्या विजेऱ्या, पायऱ्यांवरून रुग्णास बांधून उतरविता येईल असे पट्ट्यांचे घडीचे स्ट्रेचर, हातातील ध्वनिक्षेपक आणि लोकरी घोंगड्या यांची गरज कोणत्याही डोंगरावरील देवस्थानास असते. अग्निशामक नळकांडे दिल्यास त्याच्या वार्षिक तपासणीचा व भरण्याचा खर्चही सोबत द्यावा. काटा हिरव्या पट्ट्यात नसलेले नळकांडे हे भिंतीवरील शोभेची वस्तू होय. वापरलेले कपडे कृपया आणू नयेत, ते निवडण्यातच सेवेकऱ्यांचे दिवस जातात. वस्तू खरेदी करण्यापूर्वी कार्यालयात विचारणा केल्यास सध्या कोणत्या मापाचे सेल वापरात आहेत व भांडारात काय कमी आहे, त्याची यादी दाखविण्यात येईल. दात्याचे नाव नोंदवहीत आदरपूर्वक लिहिले जाते. ते स्ट्रेचरच्या कापडावर रंगविण्याचा आग्रह मात्र धरू नये, रंगाने कापड कडक होऊन घडीवर चिरते.