एड्सचा पैसा जातो कुठे?

प्रश्न : एड्ससाठी जगभरातून अब्जावधी डॉलर दिले गेले, असे वाचतो. मग हा आजार अजून संपला कसा नाही? एवढा पैसा मुरतो कुठे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुमचा संशय समजतो, पण या पैशाचा हिशेब बऱ्यापैकी लागतो. तो मांडायला सुरुवात मात्र मुंबईपासून करावी लागते.

तीन औषधे एकत्र दिली की एचआयव्ही काबूत राहतो, हे १९९६ साली स्पष्ट झाले आणि युरोप-अमेरिकेतले मृत्यू झपाट्याने घटले. आफ्रिकेत माणसे मरतच राहिली, कारण वर्षभराच्या औषधांना माणशी दहा ते पंधरा हजार डॉलर पडत. त्या भावाने कोट्यवधी लोकांना औषध पुरवणे कुठल्याच दात्याला झेपले नसते. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांनी हीच औषधे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. आपला १९७० चा पेटंट कायदा औषधावर नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट देत असे, म्हणून हे जमले.

मोठा पैसा आला तो यानंतर. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी एप्रिल २००१ मध्ये अबुजा येथे जागतिक निधीची हाक दिली आणि २००२ मध्ये जिनिव्हात ग्लोबल फंड सुरू झाला. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलरची ‘पेपफार’ ही एड्सविरोधी योजना जाहीर केली. औषधांचा खर्च बारा हजारांवरून तीनशे डॉलरच्या खाली आला आहे, हे कारण त्यांनी त्याच भाषणात दिले होते. गंमत अशी की, त्यांच्याच योजनेने सुरुवातीला भारतीय जेनेरिक औषधे घ्यायला खळखळ केली. पुढे दात्यांच्या पैशातून घेतल्या जाणाऱ्या या औषधांपैकी ८० टक्क्यांहून अधिक भारतातूनच जाऊ लागली.

आज गोळी हा या खर्चातला स्वस्त भाग आहे. ग्लोबल फंडाला २०२४ मध्ये वर्षभराचा नेहमीचा डोस माणशी ३७ डॉलरपेक्षा कमी दराने मिळत होता. बाकीचा पैसा चाचण्या, रक्तातल्या विषाणूंची मोजणी, परिचारिका, गरोदर स्त्रियांची तपासणी आणि वस्तीवस्तीत फिरणारे कार्यकर्ते यांवर जातो. गोळीने विषाणू दबतो, मरत नाही, म्हणून ती जन्मभर घ्यावी लागते. २०२४ अखेर ३ कोटी १६ लाख लोक उपचारांवर होते. वर्षाचे मृत्यू २००४ मधल्या सुमारे २१ लाखांवरून ६ लाख ३० हजारांवर आले. आजार संपला नाही हे खरे, पण पैसा मुरला असे यावरून म्हणता येत नाही.

पैशाला अटी मात्र असतात. तुमच्या शेजारच्या सांगलीतली ‘संग्राम’ ही संस्था वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांना सोबत घेऊन काम करते. वेश्याव्यवसायाविरुद्ध लेखी भूमिका घ्या, अशी अट अमेरिकेने घातली, तेव्हा २००५ मध्ये संस्थेने तो पैसाच नाकारला. माझ्या मते तो निर्णय योग्य होता. ज्यांच्या विश्वासावर निरोधवाटप चालते, त्यांचाच निषेध करून ते काम पुढे कसे न्यायचे?

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी गोठवली आणि आफ्रिकेतल्या अनेक ठिकाणी दवाखान्यांना कुलपे लागली. आपल्याकडे एप्रिल २००४ पासून मोफत मिळणाऱ्या गोळ्या आज मुख्यतः सरकारच्या स्वतःच्या तिजोरीतून येतात, त्यामुळे ती झळ इथे फारशी जाणवली नाही.

आता पुन्हा भावाचीच गोष्ट आहे. लेनाकापाविर हे वर्षातून दोनदा टोचायचे, लागण टाळणारे औषध अमेरिकेत २०२५ मध्ये वर्षाला २८ हजार डॉलरहून अधिक किमतीला आले. डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या हैदराबादच्या कंपन्या ते २०२७ पासून शंभराहून अधिक देशांना सुमारे ४० डॉलरमध्ये देणार आहेत. फक्त ते विकत घ्यायला निधीत तेव्हा किती उरले असेल, हे जिनिव्हा आणि वॉशिंग्टनमध्ये ठरायचे आहे.