वाळलेल्या लाकडाचे काम आणि त्याचे शिक्षण

लाकूड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकीकडे जंगल येते आणि दुसरीकडे घरातील दार, पलंग, कपाट. या दोहोंच्या मधे आरागिरणी असते. तिच्याकडे, आणि तिथे राबणाऱ्या माणसाकडे, सहसा कोणाचे लक्ष जात नाही. चंद्रपूर, बल्लारपूर, आलापल्ली हा पट्टा सागवानासाठी देशभर ओळखला जातो. तेथील आगारांतून निघालेले ओंडके गिरण्यांत येतात, त्यांच्या फळ्या होतात आणि त्या फळ्या दूरच्या शहरांत विकल्या जातात. या गिरण्यांवर रोजंदारी करणारी घरे आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीची आहेत. म्हणून त्या कामातील एका महत्त्वाच्या भागाचा, म्हणजे वाळलेल्या लाकडावर करावयाच्या कामाचा व त्याच्या प्रशिक्षणाचा विचार येथे केला आहे.

गिरणीतील कामाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. ओंडका फाडून ओल्या फळ्या काढणे हा पहिला. त्या फळ्या वाळल्यानंतर थप्पी उतरवणे, ओलावा मोजणे, टोके छाटणे, रुंदी सारखी करणे, रंधा मारणे, प्रत ठरवणे आणि गठ्ठे बांधणे हा दुसरा. या दुसऱ्या भागात चुकीला जागा कमी असते. तोवर फळीवर लाकडाची किंमत, फाडणीची मजुरी, वाळवणीचे इंधन आणि कित्येक आठवड्यांचा काळ खर्च झालेला असतो. ती कोठे कापावी, कोणत्या प्रतीत टाकावी, हे काही क्षणांत ठरवणारा माणूस बहुधा असा असतो, की ज्याला ते कोणी कधी रीतसर शिकवलेले नाही. हे ज्ञान त्याला मिळाले तर त्याचे शरीर सुरक्षित राहते, मालकाचे नुकसान टळते आणि त्याच्या मजुरीला हुन्नराची किंमत येते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे.

१. लाकडातील पाण्याचे गणित

वाळलेल्या लाकडाचे काम शिकणाऱ्याने प्रथम ओलाव्याची टक्केवारी काढावयास शिकले पाहिजे. लाकडाचा लहान तुकडा वजन करून सुमारे १०३ अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत, वजन घटणे थांबेपर्यंत, वाळवला जातो. समजा, तुकड्याचे सुरुवातीचे वजन २५० ग्रॅम होते आणि पूर्ण वाळल्यावर २०० ग्रॅम भरले. उडालेले पाणी ५० ग्रॅम. येथे नवशिका ५० ला २५० ने भागतो आणि उत्तर २० टक्के काढतो. लाकूडशास्त्रात मात्र भागाकार कोरड्या वजनाने करतात. ५० भागिले २००, म्हणजे ओलावा २५ टक्के. याच रीतीमुळे काही जातींच्या ताज्या लाकडात ओलावा १०० टक्क्यांहून अधिक भरतो. पाणी लाकडाहून जड आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ताज्या लाकडातील पाणी दोन ठिकाणी असते: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतील पाणी आधी जाते. त्याने लाकूड हलके होते, पण आकसत नाही. ओलावा साधारण २८ ते ३० टक्क्यांवर आला की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि भिंतीतील पाणी निघू लागते. या टप्प्याला तंतुसंपृक्तता बिंदू म्हणतात. लाकूड आकसू लागते ते येथून पुढे. आकसणेही सर्व दिशांनी सारखे नसते. लांबीत ते नगण्य असते. वाढीच्या वलयांना समांतर दिशेने ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या जवळपास दुप्पट असते. म्हणून सपाट फाडलेली फळी वाळताना पन्हळीसारखी वाकते. तिच्या टोकावर दिसणाऱ्या वलयांच्या कमानी जणू सरळ होऊ पाहतात आणि सालीकडील बाजू खोलगट होते. फळीचे टोक पाहून ती कोणीकडे वाकेल हे आधी सांगता येते. हे कळले की कामगार लाकूड वाचू लागला असे समजावे.

लाकूड वाळले तरी हवेशी त्याचा व्यवहार चालूच राहतो. वैशाखात सहज लागणारे दार श्रावणात चौकटीत अडते, हा घरोघरचा अनुभव आहे. कोकणच्या दमट हवेत जे लाकूड स्थिर राहील, ते विदर्भाच्या उन्हाळ्यात आणखी सुकेल आणि त्याचे सांधे उघडतील. हे ध्यानात घेऊनच भारतीय मानक २८७ मध्ये हवेतील सरासरी आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग केले आहेत आणि कोणत्या वापरासाठी लाकडात किती ओलावा चालेल याच्या शिफारशी दिल्या आहेत. फळी कोठे जाणार हे ठाऊक नसेल, तर ‘वाळलेली’ या शब्दाला नेमका अर्थ उरत नाही.

२. वाळवणीतील दोष ओळखणे

वाळवणी दोन प्रकारे होते. सावलीत, जमिनीपासून उंचावर, हवा खेळती ठेवून रचलेली थप्पी हा पहिला प्रकार; उष्णता, आर्द्रता व हवेचा झोत नियंत्रित करणारी भट्टी हा दुसरा. दोन्हींत फळ्यांच्या थरांमधे सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवाव्या लागतात आणि त्या तळापासून वरपर्यंत एका उभ्या रेषेत याव्या लागतात. पट्ट्या मागेपुढे पडल्या तर वरचे वजन फळीला वाकवते आणि ती तशीच वाळते. टोकांकडून पाणी लवकर उडते. म्हणून टोकांना रंगाचा किंवा मेणाचा लेप न दिल्यास तेथे भेगा पडतात.

काही दोष डोळ्यांना दिसत नाहीत. घाईने तापवलेल्या फळीचा बाहेरचा थर आधी वाळून ताठ होतो आणि आतला भाग नंतर आकसताना अडकून राहतो. फळी वरून निर्दोष दिसते, आत मात्र ताण कोंडलेला असतो. तो ओळखण्याची सोपी परीक्षा आहे. टोकापासून थोडे आत येऊन फळीची आडवी चकती कापावी आणि तिचा मधला भाग काढून काट्याच्या दोन दातांसारखा आकार ठेवावा. दात आत वळले तर ताण आहे असे समजावे. अशी फळी उभी चिरली की वाकडी होते आणि कधी पात्याला घट्ट आवळते.

ओलावा मोजण्याचे विजेचे यंत्र आता लहान गिरण्यांतही आढळते. पण ते वापरण्याचेही शिक्षण हवे. दोन सुयांमधील विजेच्या रोधावरून ते आकडा दाखवते. जात व तापमान यांनुसार त्यात दुरुस्ती करावी लागते. सुमारे ७ टक्क्यांखाली आणि तंतुसंपृक्तता बिंदूच्या वर त्या आकड्यावर विसंबता येत नाही. टोकाजवळ मोजले तर फळी आहे त्याहून कोरडी भासते. म्हणून टोकापासून दूर, आणि एकाच नव्हे तर अनेक जागी मोजावे.

३. छाटणीतील निर्णय

दहा फूट लांब, आठ इंच रुंद, दीड इंच जाड अशी फळी घेऊ. तिच्यात सुमारे ०.८३ घनफूट लाकूड आहे. टोकाला चार इंचांची भेग आहे. अंदाजाने काम करणारा कामगार सवयीने फूटभर तुकडा उडवतो आणि फळीचा दहावा हिस्सा जातो. भेग कोठे संपते हे पाहून पाच इंच कापले तर तूट सुमारे चार टक्क्यांवर थांबते. प्रत्येक फळीमागे वाचले सात इंच. शंभर फळ्यांमागे ही बचत अठ्ठावन्न फुटांहून अधिक, म्हणजे जवळपास सहा फळ्या होते. प्रत ठरवतानाही हाच विवेक लागतो. गाठ घट्ट आहे की सुटी, रेषा सरळ आहे की तिरपी, कीड जुनी आहे की जिवंत, हे पाहून कोणती फळी दाराला, कोणती चौकटीला आणि कोणती खोक्यांना हे ठरते.

जंगलतोडीच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेल्या आदेशापासून आरागिरण्यांवर व त्यांच्या परवान्यांवर कडक बंधने आली. लाकूड वाटेल तितके वाढणार नाही. हाती आलेले लाकूड वाया न घालवणारे कौशल्यच यापुढे या धंद्याला तारणार आहे.

४. शरीराची राखण

वाळलेल्या लाकडाचे धोके ओल्या लाकडापेक्षा काहीसे निराळे आहेत. ताण कोंडलेली फळी चिरताना पात्याला आवळते आणि वेगाने उलट, कामगाराच्या दिशेने फेकली जाते. म्हणून गोल पात्याच्या करवतीमागे चीर उघडी ठेवणारी फाळ असावी, पात्यावर आवरण असावे, शेवटचा भाग हाताने न ढकलता काठीने ढकलावा आणि उभे राहताना पात्याच्या रेषेत राहू नये. हातमोजे फळ्या उचलताना घालावेत. फिरत्या पात्याजवळ मात्र तेच मोजे हात आत ओढून नेतात. पाते बदलताना किंवा अडकलेला तुकडा काढताना मुख्य वीजपुरवठा बंदच हवा.

दुसरा धोका धुळीचा. कोरडी धूळ बारीक असते आणि हवेत बराच वेळ तरंगते. सागाच्या धुळीने काहींच्या त्वचेवर खाज व पुरळ उठते. लाकडाची धूळ मानवात कर्करोग घडवते, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केला. नाकाची पोकळी व तिच्याभोवतीच्या पोकळ्या यांच्याशी त्याचा संबंध आहे. हीच धूळ हवेत दाट झाली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१२ साली जानेवारीत बर्न्स लेक येथे आणि एप्रिलमध्ये प्रिन्स जॉर्ज येथे आरागिरण्यांत असे स्फोट झाले. प्रत्येक ठिकाणी दोन कामगारांचा बळी गेला. तेथे किडीने मेलेल्या, उभ्याच वाळलेल्या पाइन वृक्षांचे कोरडे लाकूड कापले जात असे. म्हणून धूळ यंत्राजवळच शोषून घ्यावी, तुळयांवर साचू देऊ नये आणि हवेच्या फवाऱ्याने उडवू नये. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही. योग्य मास्क हवा.

धोक्याच्या यंत्रावर तरुण कामगाराला बसवण्यापूर्वी त्यातील धोके पूर्णपणे समजावून द्यावेत आणि त्याला पुरेसे प्रशिक्षण द्यावे किंवा जाणकाराच्या देखरेखीखाली ठेवावे, हे तत्त्व १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २३ ने घालून दिले. प्रशिक्षण ही मालकाची मेहेरबानी नसून कायद्याने मान्य केलेली गरज आहे, हे कामगाराच्या घरी ठाऊक असावयास हवे.

५. शिक्षणाची सोय

जर्मनीत आरागिरणी व रंधागिरणीतील कामासाठी तीन वर्षांचे स्वतंत्र उमेदवारी शिक्षण आहे. उमेदवार गिरणीत काम करतो आणि व्यवसायशाळेत शिकतो. आपल्याकडे कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून आहे, १९६१ चा उमेदवारी अधिनियम आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकामाचा अभ्यासक्रम आहे. लाकडाच्या अभ्यासासाठी १९०६ साली स्थापन झालेली देहरादूनची वन संशोधन संस्था आणि बंगळुरूची काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे. तथापि गिरणीत आधीच लागलेल्या, घर चालवणाऱ्या माणसाला वर्षभर मजुरी सोडणे परवडत नाही. त्याच्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली, पूर्वानुभवाला मान्यता देऊन परीक्षेअंती प्रमाणपत्र देण्याची. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत तिचा समावेश आहे. दुसरी, गिरणीतच शिकण्याची. आठवड्याला दोन तास याप्रमाणे बारा आठवड्यांचा वर्ग भरवणे कठीण नाही: पहिले तीन आठवडे ओलावा व मोजमाप, पुढील तीन वाळवणी व दोष, नंतरचे तीन छाटणी व प्रत, आणि शेवटचे तीन पात्याची निगा. सुरक्षेचा धडा मात्र पहिल्या दिवसापासून प्रत्येक तासाला असावा.

६. पालक व माजी विद्यार्थ्यांसाठी

अठरा वर्षांखालील मुलाला करवतीवर पाठवू नये. सज्ञान मुलगा कामाला निघाला, तर पालकांनी काही प्रश्न अवश्य विचारावेत. पात्यावर आवरण आहे काय? धूळ ओढणारी यंत्रणा चालू असते काय? पहिले काही दिवस त्याच्याजवळ जाणकार मिस्त्री उभा राहील काय? त्याचे नाव हजेरीपटावर येईल काय? अपघात झाल्यास खर्च कोण करील? या प्रश्नांना ज्या गिरणीत सरळ उत्तरे मिळत नाहीत, ती गिरणी मुलासाठी नव्हे.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे शिक्षक, अभियंते, परिचारक वा निदेशक आहेत, त्यांना बारा आठवड्यांतील एखादा तास सहज घेता येईल. टक्केवारी शाळेच्या वर्गातच शिकवली जाते. त्या गणितांत साखर आणि नफा-तोटा यांच्या जोडीला लाकडातील ओलाव्याचे एक उदाहरण घातले, तर गिरणीत काम करणाऱ्या बापाला आपल्या मुलाच्या वहीत आपले काम दिसेल आणि मुलालाही त्या कामात किती बुद्धी लागते हे कळेल. ओलाव्याचे गणित समजलेला आणि यंत्राचे धोके ओळखणारा कामगार दहा बोटांनिशी घरी परततो आणि मजुरी ठरवताना मान वर करून बोलतो. असे कामगार आपल्या वस्त्यांत वाढावेत, यासाठी हा विषय आपल्या सभांतून व पालकमेळाव्यांतून मांडला जावा, ही अपेक्षा.