थांबलेली गाडी, चालू इंजिन

महाराष्ट्रातून येणारे मालट्रक पेडणे तालुक्यात पत्रादेवीपाशी गोव्यात शिरतात. पुष्कळ चालक रात्री केबिनमध्येच निजतात. उकाडा असह्य झाला की इंजिन चालू ठेवून वातानुकूलन यंत्राचा गारवा घेण्याचा मोह होतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालट्रकांत ते यंत्र सक्तीचे झाले आहे.

पण हा गारवा महाग पडतो. उभ्या ट्रकचे इंजिन तासाला दोन-तीन लिटर डिझेल जाळते. त्याहून घातक धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असला, तरी फुटक्या नळीतून केबिनमध्ये साचल्यास निजलेल्या माणसास जाग येण्यापूर्वीच त्याची शुद्ध हरपते.

मग उपाय कोणता? आपल्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणून जीव घाबरा होतो. घाम वाळण्यास वारा हवा. यास्तव इंजिन बंद करावे, दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडून जाळी लावावी व बॅटरीवरचा लहान पंखा चालवावा. डोके दुखून मळमळू लागल्यास तत्काळ मोकळ्या हवेत यावे.

डिचोली-पेडण्यातील ज्यांचे वडील वा काका ट्रक चालवितात, त्यांनी हा धडा आज घरी मोठ्याने वाचावा.