वर्गखोलीचा कायापालट आणि शिक्षकांचे प्रशिक्षण

ग्रामपंचायतीने लोकवर्गणीतून शाळेस घेऊन दिलेला संगणक किंवा टॅबलेटचा संच कपाटात कुलूपबंद राहतो, तेव्हा दोष बहुधा संचाचा नसतो. तो वापरून वर्ग कसा चालवावा, हे शिक्षकास कोणी दाखविलेले नसते. (नादुरुस्त झाल्यास भरपाई कोणी करावयाची, ही धास्तीही असतेच.)

या दृष्टीने सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचा अनुभव उद्बोधक आहे. ज्ञानरचनावादी अध्यापनाचा अवलंब करताना तेथील जिल्हा परिषद शाळांनी रांगेतील बैठक मोडली. फरशीवर अंक, अक्षरे व आकृत्या रंगविल्या. मुले त्याभोवती गटागटाने बसून शिकू लागली. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. त्या काळात राज्याच्या निरनिराळ्या भागांतील शिक्षक हे वर्ग पाहण्यास आले. गट अडला असता शिक्षक केव्हा पुढे होतो व केव्हा थांबतो, हे त्यांना चालू वर्गातच पाहावयास मिळाले. केवळ फरशी रंगवून घेतल्याने ते साधत नाही.

पडद्याचेही तसेच आहे. सर्व मुलांनी एकाच चित्रफितीकडे पाहत बसणे म्हणजे फळ्याचीच नवी आवृत्ती होय. एक गट टॅबलेटवर, दुसरा मोजपट्टी घेऊन अंगणात, तिसरा शिक्षकाजवळ, अशी आखणी शिक्षकाने स्वतः करून पाहावयास हवी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी देणे अपेक्षित आहे. त्यांपैकी काही तास शेजारच्या शाळेतील चालू वर्गात, मुलांसमवेत, घेण्याची तजवीज केंद्रप्रमुखांनी करावी. त्या दिवशी शाळेची वीज चालू राहील, एवढे ग्रामपंचायतीने पाहावे.