सम्राटाने स्वतःचे नाव कसे केले?



दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये छापखाना नव्हता, रेडिओ नव्हता. मग आपला राज्यकर्ता कसा आहे हे लोकांना कळायचे कसे? रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने त्यासाठी दगड आणि कविता या दोघांना कामाला लावले.

त्याचे आधीचे नाव ऑक्टेव्हियन. जन्म इ. स. पू. ६३. ज्युलियस सीझर हा त्याच्या आजीचा भाऊ. इ. स. पू. ४४ मध्ये सीझरचा खून झाला. मृत्युपत्रात त्याने या १८ वर्षांच्या पोराला दत्तक घेतले होते. पुढच्याच वर्षी या पोराने व त्याच्या दोन जोडीदारांनी शत्रूंच्या नावांची यादी जाहीर केली. यादीत नाव आले की माणूस मेलाच म्हणून समजा! सिसरो हा थोर वक्ता त्यातच मारला गेला. पुढे जोडीदारांशीही बिनसले, आणि इ. स. पू. ३१ मध्ये ॲक्टियमची लढाई जिंकून तो एकटा उरला. हे सगळे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. अशा माणसाला 'शांतता आणणारा' म्हणवून घ्यायचे होते.

त्याने पडकी देवळे हाती घेतली. एका वर्षात ८२ देवळे दुरुस्त केली, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. आपल्याला विटांचे रोम मिळाले, आपण ते संगमरवराचे केले, अशी फुशारकीही तो मारी. गरिबांची घरे मात्र विटा-लाकडांचीच राहिली, आणि त्यांना आगी लागतच होत्या.

मग त्याने एक मोठा चौक बांधला. त्यातले युद्धदेव मार्सचे देऊळ इ. स. पू. २ मध्ये खुले झाले. चौकाच्या दोन्ही बाजूंना रोमच्या थोर पुरुषांचे पुतळे होते, आणि चार घोड्यांच्या एका रथाखाली ऑगस्टससाठी 'देशाचा पिता' असे कोरले होते. म्हणजे सगळा जुना इतिहास जणू याच्यापर्यंत येण्यासाठीच घडला! त्याची शांतिवेदी रोममध्ये आजही पाहता येते. तिच्या भिंतीवर त्याच्या घरच्या माणसांची मिरवणूक कोरली आहे. त्यात लहान मुलांनी मोठ्यांचे कपडे घट्ट धरले आहेत, आपण जत्रेत धरतो अगदी तसे. आणि पुतळ्यांची गंमत म्हणजे ऑगस्टस ७५ वर्षे जगला, पण पुतळ्यांत म्हातारा झालाच नाही.

आता कवी. ऑगस्टसचा मित्र मीसेनस फार श्रीमंत होता. तो कवींना सांभाळी. होरेस हा कवी पूर्वी ऑक्टेव्हियनच्या विरुद्ध लढलेला, तरी त्याला मीसेनसकडून शेतीवाडी मिळाली. इ. स. पू. १७ च्या मोठ्या उत्सवात होरेसचे गीत २७ मुलगे आणि २७ मुलींनी गायले. आपल्यासारखीच पोरे ती!

व्हर्जिलने 'ईनिड' हे १२ सर्गांचे महाकाव्य लिहिले. त्याचा नायक ईनिअस हा व्हीनस देवीचा मुलगा, आणि ऑगस्टसचे घराणे स्वतःला त्याच्याच वंशातले म्हणवी. पण व्हर्जिल नुसता भाट नव्हता. ईनिअसने सोडून दिलेल्या डिडो राणीचे दुःख त्याने असे लिहिले की वाचणारा तिच्याच बाजूने होतो. इ. स. पू. १९ मध्ये तो वारला तेव्हा काव्य पुरे झाले नव्हते. ते जाळून टाका असे त्याने सांगितले होते म्हणतात. ऑगस्टसने जाळू दिले नाही.

सगळ्याच कवींचे असे झाले नाही. ओव्हिडने प्रेम कसे करावे यावर थट्टेचे काव्य लिहिले होते. सम्राट तर लोकांना नीतीचे कायदे घालून देत होता. इ. स. ८ मध्ये ओव्हिडला काळ्या समुद्राकाठी टोमिस गावी हद्दपार केले. आपला गुन्हा एक कविता आणि एक चूक एवढाच, असे त्याने लिहिले; चूक कोणती ते मात्र सांगितले नाही. परत बोलवा, म्हणून तो तिथून कवितेतच पत्रे लिहीत राहिला. इ. स. १४ मध्ये ऑगस्टस वारला, तरी बोलावणे आले नाही. काही वर्षांनी ओव्हिड तिथेच वारला.