युद्धपदके आणि खांद्यावरील बिल्ले : इतिहासाची भौतिक साधने

प्रस्तावना

मागील घटकात आपण ताम्रपट आणि नाणी यांचा साधने म्हणून विचार केला. प्रस्तुत घटकात परक्या किंवा मित्रराष्ट्राच्या सैनिकांना मिळालेली पदके आणि त्यांच्या गणवेशावरील कापडी बिल्ले यांचा परिचय करून घ्यावयाचा आहे. संग्राहक या वस्तू हौसेने जमवतात. अभ्यासकाने मात्र त्या वाचावयास शिकले पाहिजे.

विषय-विवेचन

(अ) समान पदक, भिन्न रूप : पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, मित्रराष्ट्रांनी एक समान विजयपदक काढण्याचे ठरविले. फीत सर्वांची एकच, दुहेरी इंद्रधनुष्याची. पदकावर पंख असलेली विजयदेवता. परंतु ही युरोपीय देवता जपान आणि सयाम यांना आपली वाटली नाही. जपानने आपल्या पुराणकथेतील योद्धा-देव निवडला, तर सयामने नारायणाची मूर्ती. एकाच करारातून निघालेल्या या पदकांत प्रत्येक राष्ट्राची सांस्कृतिक ओळख उमटली आहे.

(आ) धातू काय सांगतो : ब्रिटिश युद्धपदक सैनिकांना चांदीचे मिळाले. श्रमिक दलांतील अनेक भारतीय, चिनी आणि माल्टाच्या मजुरांना तेच पदक ब्राँझमध्ये देण्यात आले. आकृती तीच, राजाची प्रतिमा तीच. भेद केवळ धातूचा. त्या भेदात साम्राज्याने लावलेली माणसांची प्रतवारी स्पष्ट दिसते.

(इ) नाव आणि क्रमांक : या ब्रिटिश पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. सोव्हिएत पदकावर बहुधा केवळ अनुक्रमांक असतो. १९४४ साली रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमधील सुभेदार नारायणराव निकम आणि हवालदार गजेंद्र सिंह यांना इराणमार्गे रसद पोहोचविण्याच्या कामगिरीबद्दल 'ऑर्डर ऑफ द रेड स्टार' हा सोव्हिएत सन्मान मिळाला. असे पदक कागदपत्रांपासून वेगळे झाले, तर सामान्य माणसासाठी ते मुके होते.

(ई) बिल्ला पलटणीचा नव्हे : खांद्यावरील बिल्ला बहुधा डिव्हिजनचा असतो, हे विसरू नये. तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री १९४१ मध्ये केरेनच्या लढाईत पाचव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. त्या डिव्हिजनचा बिल्ला काळ्या पार्श्वभूमीवरील लाल गोल. पुढे इटलीत ती दहाव्या डिव्हिजनमध्ये होती. तेथेच १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांनी प्राण अर्पण केले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे पलटण एकच, बिल्ले दोन. केवळ बिल्ल्यावरून पलटण ठरविणे धोक्याचे आहे. याच काळात चीन-ब्रह्मदेश-भारत क्षेत्रातील अमेरिकी सैनिकांच्या बिल्ल्यावर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा शेजारी होते. त्यांतील पुष्कळ बिल्ले भारतीय कारागिरांनी हाताने भरले होते.

संग्राहकाचे कर्तव्य

पदक घासून चकचकीत केल्यास कडेवरील अक्षरे झिजतात. एकाच सैनिकाची पदके वेगवेगळी विकली गेल्यास त्याचा जीवनक्रम तुटतो. काही विक्रेते कडेवरील नाव घासून काढून दुसरे कोरतात. म्हणून कडेची जाडी व अक्षरांची ठेवण तपासावी. आपल्या घरातील पेटीत एखादे पदक असेल, तर ते धुण्याआधी कडेवरील मजकूर वहीत उतरवून घ्या आणि वडीलधाऱ्यांकडून त्यामागची हकिकत लिहून ठेवा. ती सांगणारी माणसे गेल्यावर उरते ते केवळ धातूचे वजन.

सारांश

पदकाचा धातू, फीत, कडेवरील मजकूर आणि सोबतची कागदपत्रे यांचा एकत्रित विचार केल्यासच ते विश्वसनीय साधन ठरते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. विजयपदकाच्या रूपात सयाम व जपान यांनी केलेला बदल कशाचा द्योतक आहे?
२. बिल्ल्यावरून सैनिकाची पलटण निश्चित का करता येत नाही?
३. आपल्या परिसरातील एखाद्या सैनिक कुटुंबाकडील पदकाचे दहा ओळींत वर्णन करा.