डेमलो संख्या आणि हातचा

धामणगाव रेल्वे, जि. अमरावती



नऊ एक ओळीने मांडून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ इतका येतो आणि ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून वाचली काय, तीच राहते. मात्र तिच्या डौलावर भाळण्याआधी हा डौल संख्येचा की तिच्या मांडणीचा, हे विद्यार्थ्याने तपासावे. ही संख्या ज्या कुळातली, त्या कुळाला ‘डेमलो संख्या’ हे नाव देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिले. कल्पना जेथे सुचली त्या, आता डोंबिवली म्हणवल्या जाणाऱ्या, डेमलो स्थानकावरून हे नाव आले असून ते स्थानक आणि धामणगाव दोन्ही जुन्या जी.आय.पी. रेल्वेवरचीच.

उभा गुणाकार मांडला की मधल्या स्तंभात नऊ एक येतात, त्यांची बेरीज नऊच होते आणि कोठेही हातचा उरत नाही, म्हणून अंक पायरीपायरीने चढून तसेच उतरतात. दहा एकांचा वर्ग केला की त्याच स्तंभात दहा होतात, हातचा पुढे सरकतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे विस्कटते. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले. पहिल्या वर्गाच्या अंकांची बेरीज ८१ असून तिने तो भागला जातो, पण दुसऱ्याची बेरीज ८२ आणि संख्या विषम, त्यामुळे तेथे भाग जाणे शक्यच नाही.

हे सारे मांडणीचे गुण. याउलट, पहिल्या वर्गाचे मूळ अवयव, म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग, लेखनपद्धती बदलली तरी बदलत नाहीत. त्यावरून त्याचे विभाजक ४५ ठरतात, आणि ही गणती विषम असण्याचे कारण असे की प्रत्येक विभाजकाला जोडीदार असतो, वर्गमूळ तेवढे स्वतःचेच जोडीदार असते. संगणकाच्या तक्त्यात हीच संख्या भरली तर पंधरा अंकांपुढे शून्ये दिसतात आणि वर्ग, विषमता, सौष्ठव सारेच नाहीसे होते, तेव्हा अशा कामी पाटी-पेन्सिल बरी.

कापरेकरांचे काम देशातल्या काही गणितज्ञांनी क्षुल्लक मानले, तर १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्याची दखल घेतली. अंकांचे खेळ दशमान लेखनाशी बांधलेले असतात हा आक्षेप खरा, पण तेवढ्यावरून ते टाकाऊ ठरवणे अन्यायाचे, कारण हातच्याचा नियम कसा चालतो हे त्यांच्यातूनच उघड होते.

अष्टमान पद्धतीत, जेथे आठ झाले की हातचा येतो, हा डौल किती एकांपर्यंत टिकतो, ते सकारण मांडून पुढच्या पत्री कळवावे.